पाणी मोजा, पीक विचारू नका

गेल्या महिन्यात नाशिकमधल्या एका शिक्षणसंस्थेच्या वसतिगृहात सूचना लागली. टोरेंट (इंटरनेटवरून मोठ्या फायली आपसात वाटून उतरवण्याची पद्धत) वापरताना आढळल्यास इंटरनेट सहा महिने बंद. दुसऱ्यांदा आढळल्यास पालकांना बोलावणे. तिसऱ्यांदा पोलिसांत तक्रार. फोटो तासाभरात गावभर फिरला आणि वाद पेटला. एकीकडे ‘चोरी ती चोरी, शिकायला आलात की सिनेमे बघायला?’ म्हणणारे पालक आणि प्राध्यापक. दुसरीकडे ‘ज्ञानावर कुणाची मालकी नसते’ म्हणणारी मुलं, आणि त्यांच्या बाजूने सरसावलेले, जन्मभर पुस्तकं विकत घेऊन वाचलेले माझ्या वयाचे काही लोक. दोघेही तावातावाने भांडताहेत आणि दोघांचंही भांडण भलत्याच प्रश्नाशी चाललंय. मी अशाच एका संस्थेत अकरा वर्षं नेटवर्क सांभाळलं, त्यामुळे गप्प बसवत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इथे तीन निरनिराळे प्रश्न एकाच पोत्यात कोंबले आहेत. इंटरनेटची वाहिनी सगळ्यांना पुरत नाही, हा एक. लेखक-निर्मात्याचा हक्क बुडतो, हा दुसरा. मुलांना जे लागतं ते संस्था पुरवत नाही, हा तिसरा, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. पहिला नेटवर्क विभागाने सोडवावा, दुसरा कायद्याने आणि नीट कार्यपद्धतीने, तिसरा ग्रंथालयाने आणि अभ्यासमंडळाने. टोरेंटवर सरसकट बंदी घातली की तिन्ही सुटल्याचं समाधान मिळतं; प्रत्यक्षात एकही सुटत नाही.

मुळात टोरेंट म्हणजे काय हे सूचना लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसावं. ‘टोरेंट व तत्सम व्हायरस’ असा शब्दप्रयोग तिच्यात आहे! बिटटोरेंट हा फायली पोचवण्याचा एक संकेत (प्रोटोकॉल) आहे, 2001 मध्ये ब्रॅम कोहेन या प्रोग्रॅमरने लिहिलेला. पंगतीला एकच वाढपी असला तर शेवटच्या पानावर भात येईपर्यंत वरण गार होतं. इथे जेवणाराच शेजारच्याला वाढत जातो. फाइलचे बारीक तुकडे होतात, ज्याच्याकडे जो तुकडा पोचला तो पुढच्याला देतो, आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे ओळखीचा आकडी ठसा, आधीच ठरलेला असल्यामुळे मध्ये कुणी भेसळ केली तर तो तुकडा आपोआप बाद होतो. उबंटू, डेबियन, लिबरऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प आपलं सॉफ्टवेअर अधिकृतपणे टोरेंटनेही देतात. इंटरनेट आर्काइव्ह हे ऑनलाइन ग्रंथालय जुनी पुस्तकं तशीच देतं. म्हणजे वाहन एक आणि माल अनेक. मुंबई-आग्रा रस्त्यावरून चोरीचा माल जातो म्हणून रस्ता उखडायचा का?

पण याच रचनेत मुलांच्या लाडक्या बचावाचाही निकाल लागतो. ‘सर, मी फक्त डाउनलोड केलं.’ टोरेंटमध्ये ‘फक्त’ नसतं. घेताघेताच तुम्ही देत असता. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 खासगी वापरासाठी आणि संशोधनासाठी उचित वापराची मोकळीक देतं, आणि ती बऱ्यापैकी उदार आहे. मात्र नवा कोरा सिनेमा रात्रभर शंभर अनोळखी लोकांना पुरवणं हा खासगी वापर कुठल्याही अर्थाने नाही. एवढं साधं पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मुलांना सांगितलं गेलं पाहिजे. सांगत कुणीच नाही, दंड मात्र सगळे लावतात.

संस्थेची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये निट प्रो प्रकरणात स्पष्ट केलं. कॅम्पसच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या ओळख-क्रमांकावरून, बेकायदा वाटप झालं तर पहिलं पत्र संस्थेलाच येणार. प्राचार्यांची झोप उडणं साहजिक आहे. पण कायद्याची दुसरी बाजूही वाचावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 79 मध्यस्थाला, म्हणजे नुसती वाट पुरवणाऱ्याला, संरक्षण देतं, आणि विद्यापीठाचं नेटवर्क त्या व्याख्येत बसतं असं मानायला जागा आहे. डिसेंबर 2016 मध्ये मायस्पेस या समाजमाध्यम-साइटच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मध्यस्थाला सर्वसाधारण कल्पना असणं पुरेसं नाही, नेमकी कुठली कृती उल्लंघन करते हे त्याच्या नजरेस आणून दिलं पाहिजे, असं म्हटलं. म्हणजे तक्रार आली की हलायचं. प्रत्येकाच्या वाहतुकीत नाक खुपसून बसण्याची सक्ती कायद्याने केलेली नाही. ती आपण हौसेने अंगावर घेतो.

आता वाहिनीचा प्रश्न. चाळीस मुलांनी टोरेंट लावून ठेवली की उरलेल्या तीनशे जणांचा फॉर्म सबमिट होत नाही, हे मी रात्री दोन वाजता सर्व्हर रूममध्ये बसून पाहिलंय. स्विचवरचे हिरवे दिवे लुकलुकायचे थांबून सलग जळायला लागायचे, आणि आलेखावर डोंगराऐवजी पठार दिसायचं. हा अन्यायच आहे. पण हा वाटपाचा प्रश्न आहे, नीतीचा नव्हे, आणि वाटपाचे प्रश्न कसे सोडवतात हे नाशिक जिल्ह्याला बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही. पूर्वी कालव्याचं पाणी पिकावर मिळायचं. सात नंबरचा अर्ज भरा, कुठलं पीक किती क्षेत्रावर ते लिहा, मग मंजुरी. वरच्या अंगाचे शेतकरी पाणी ओढून घ्यायचे आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, धूळ. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर 1990 च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या खटपटीतून पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी हिशोबच बदलला. पाणी घनमापनाने मोजून घ्यायचं, आपसात पाळी ठरवायची, आणि कोट्यात राहून द्राक्षं लावायची की गहू हे ज्याचं त्याने बघायचं. पुढे 2005 च्या राज्याच्या सिंचन कायद्यात हीच तत्त्वं आली. टेलला पाणी पोचलं ते पाटकऱ्याने प्रत्येकाच्या वावरात शिरून पिकं तपासली म्हणून नाही.

नेटवर्कचं तंतोतंत हेच आहे. माणशी दिवसाचा कोटा ठरवा. गर्दीच्या वेळी ज्याने जास्त ओढलं त्याची गती आपोआप उतरू द्या, रात्री एक ते पाच सैल सोडा. हे सगळं आजच्या कुठल्याही बऱ्या राउटरवर होतं. मग कोटा कुणी क्रिकेटच्या मॅचवर घालवला काय आणि कुणी लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली उतरवण्यात घालवला काय, टेलच्या मुलाला त्याचं पाणी मिळतंय. उलट वाहतुकीतली माहितीची पाकिटं उघडून आत काय आहे ते बघणारी यंत्रं लाखो रुपये देऊन घ्यायची, आणि वाहतूक कूटबद्ध झाली की ती आंधळी. ती विकणाऱ्यांचं सादरीकरण मी दोनदा ऐकलंय. चहा मात्र उत्तम होता.

बंदीवाल्यांना मी एक प्रसंग नेहमी सांगतो. त्यात चूक माझी आहे. साल 2009, चार एमबीपीएसची लीज्ड लाइन, सगळ्या वसतिगृहाला बाहेर दिसणारा आयपी पत्ता एकच. सेवादात्यामार्फत एक तक्रार आली: अमुक तारखेला 20:40 वाजता तुमच्या पत्त्यावरून अमुक सिनेमाचं वाटप झालं. मी लॉग, म्हणजे नेटवर्कची नोंदवही, उघडला, रात्रीचे आठ चाळीस पाहिले, आणि त्या वेळी टोरेंट चालू असलेला एकच मुलगा सापडला. सुरगाण्याकडचा, घरात कॉलेजात आलेला पहिलाच. तो सांगत राहिला की मी लिनक्सची सीडी उतरवत होतो. सगळे असंच सांगतात, असं म्हणून आम्ही त्याचं कनेक्शन महिनाभर तोडलं. पंधरा दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी ते पत्र पुन्हा वाचताना वेळेपुढची तीन अक्षरं दिसली: जीएमटी, म्हणजे ग्रिनिचची वेळ. साडेपाच तास मिळवले की रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं होतात. त्या वेळी तो पोरगा लॉगमध्ये कुठेच नव्हता. आणि आठ चाळीसला तो खरोखर सातशे एमबीचं लिनक्सच उतरवत होता. टोरेंट म्हणजे गुन्हा हे समीकरण डोक्यात पक्कं नसतं तर मी पत्र पहिल्यांदाच नीट वाचलं असतं. त्याचं प्रोजेक्ट सबमिशन हुकलं होतं. आजची सूचना वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो हा मुलगा. तिच्यात आढळल्यास कोण ठरवणार, कशावरून ठरवणार, मुलाचं म्हणणं कोण ऐकणार, यावर अवाक्षर नाही.

‘पण धाक नको का?’ असं विचारलं जातं. धाकाचा प्रयोग करून झालाय. अमेरिकेत एप्रिल 2003 मध्ये तिथल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने प्रिन्स्टन, रेन्सेलर आणि मिशिगन टेक इथल्या चार विद्यार्थ्यांवर बेकायदा गाणी वाटल्याबद्दल खटले भरले. बारा ते साडेसतरा हजार डॉलरला तडजोडी झाल्या. पुढच्या पाचेक वर्षांत सुमारे पस्तीस हजार लोकांवर कारवाई झाली. 2008 मध्ये तर विद्यापीठांनी अशा वाटपाविरुद्ध योजना आखावी असा कायदाच आला. त्याच वर्षाच्या अखेरीस संघटनेने सरसकट खटले भरणं स्वतःच थांबवलं. गाण्यांची टोरेंट ओसरली ती महिन्याच्या किरकोळ वर्गणीत सगळी गाणी ऐकता यायला लागली तेव्हा. आपल्याकडे तर 2016 मध्ये जिओ आल्यावर वसतिगृहातली पोरं संस्थेच्या वायफायची वाट बघेनाशीच झाली. आज पीडीएफ फिरतात त्या टेलिग्रामवर, मुलाच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर. सूचना लावणाऱ्यांनी दहा वर्षांपूर्वी रिकाम्या झालेल्या घराला कुलूप लावलंय.

आणि टेलिग्रामवरच्या चोरीला कायदा हात घालू शकत नाही असंही नाही. स्पर्धा परीक्षांसाठी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं साहित्य तिथे बिनदिक्कत वाटलं जात होतं. त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि ऑगस्ट 2022 मध्ये न्यायालयाने टेलिग्रामला त्या चॅनेलवाल्यांची माहिती देण्याचा आदेश दिला. नेमकी तक्रार, नेमकं चॅनेल, न्यायालयाचा आदेश. कुणा विद्यापीठाला आपल्या सगळ्या पोरांच्या पाठीवर बसावं लागलं नाही.

आता मुलांच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे वळतो. ‘संतांनी कुठे कॉपीराइट मागितला?’ हे वाक्य या वादात मी चार वेळा ऐकलं. नाही मागितला. पण एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा तिच्यात स्वतःची ओवी घुसडणारा म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवणारा, असं बजावून ठेवलंच. नक्कल करा, पारायण करा, पण मूळकर्त्याच्या शब्दाशी खेळू नका, ही आपल्याकडची अट होती. शिवाय तेव्हा प्रत म्हणजे महिनोन्‌महिने बोरू चालवणं. एका बोटाने हजार प्रती होत नव्हत्या, आणि प्रतींच्या विक्रीवर कुणाचा संसारही चालत नव्हता. आज मराठी पुस्तकाची आवृत्ती हजाराची, कधी पाचशेची. लेखकाला छापील किमतीचा लहानसा हिस्सा, तोही वर्षाअखेरीस. अशा पुस्तकाची पीडीएफ प्रकाशनाच्या महिन्यात पाच हजारांच्या गटावर पडली की दुसरी आवृत्ती निघत नाही. हॉलिवूडला ओरखडा उठत नाही, तिथे मराठी प्रकाशकाचा हात मोडतो. सार्वजनिक वाचनालयाचा दाखला इथे देतात: आमच्या सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) 1840 पासून एकेक पुस्तक शेकडो हातांतून फिरतंय, तेव्हा कोण रडलं? पण सावानाचं पुस्तक एका वेळी एकाच्याच घरी असतं आणि ते कधीतरी विकत घेतलेलं असतं. हा फरक बारीक नाही.

आणखी एक, जरा लागेल असं. वसतिगृहातल्या टोरेंटमध्ये शोधनिबंध क्वचित असतात. असतात ते सिनेमे आणि गेम. अकरा वर्षांचा अनुभव आहे. ‘ज्ञानाचा हक्क’ हे बॅनर त्या ढिगावर पांघरू नये, कारण मग जिथे तो हक्क खरोखर आहे तिथेही कुणी विश्वास ठेवत नाही.

आणि तो खरोखर आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या झेरॉक्सच्या दुकानावर 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बलाढ्य प्रकाशकांनी दावा लावला. दुकानदार अभ्यासक्रमातल्या प्रकरणांच्या प्रती एकत्र बांधून विकत होता. सप्टेंबर 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरात खंडपीठाने तो काही मर्यादित मुद्द्यांवर पुन्हा सुनावणीला पाठवला, पण शिकवण्याच्या ओघात, त्या हेतूला आवश्यक तेवढ्या प्रती काढता येतात हे तत्त्व उचलून धरलं. प्रकाशकांनीच पुढे दावा सोडला, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात लक्ष घातलं नाही. कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सवाल्यांपैकी किती जणांना हा निकाल माहीत असेल? आणि किती ग्रंथपालांना? मुलाला जे कायद्याने मिळू शकतं ते संस्था भीतीपोटी देत नाही. मग तो तेच बेकायदा मिळवतो, आणि आपण त्याला चोर म्हणतो.

त्याहून वाईट प्रकार सॉफ्टवेअरचा. खासगी वापराची मोकळीक संगणक प्रोग्रॅमला लागूच नाही, म्हणजे इथे कायदा अधिक कडक. आणि नेमकं इथेच आपण मुलांना चोरीकडे ढकलतो. अभ्यासक्रमात महागड्या सॉफ्टवेअरचं नाव छापायचं, लॅबमध्ये दहा परवाने, वर्गात साठ मुलं, आणि ‘घरी सराव करून या’. घरी म्हणजे कुठे? क्रॅक केलेल्या प्रतीवर, हे शिकवणाऱ्यालाही माहीत असतं. पेन ड्राइव्ह बऱ्याचदा त्याच्याकडूनच निघतो. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प वर्षानुवर्षं आकडेमोडीच्या सायलॅबसारखी मुक्त सॉफ्टवेअर अभ्यासक्रमात आणायला मदत करतोय. अभ्यासमंडळाने एका बैठकीत ‘किंवा समकक्ष मुक्त सॉफ्टवेअर’ एवढे चार शब्द वाढवले तर नेटवर्क विभागाने वर्षभर बंद केलेल्या साइट्सपेक्षा जास्त चोरी थांबेल. बैठका होतात. ते चार शब्द येत नाहीत.

शोधनिबंधांचं गणितही तसंच. केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं: तीन वर्षांसाठी 6,000 कोटी, तीस प्रकाशक, जवळजवळ तेरा हजार नियतकालिकं. चांगलं पाऊल. पण पहिल्या टप्प्यात ते केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. गंगापूर रोडपासून त्र्यंबक रोडपर्यंत पसरलेल्या खासगी महाविद्यालयांतला मुलगा बाहेरच उभा. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन 1989 मध्ये याच शहरात मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. त्याच शहरात एका संशोधनपत्राला हजार-दोन हजार मोजायला लागले तर पोरगं कुठली वाट धरेल? वाट चुकीची आहे, मान्य. योग्य वाट दाखवणारा फलक मात्र कुठे लागलेला मला दिसला नाही.

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. वाहिनी मोजून वाटा. तक्रार आली तर ती त्या मुलापर्यंत पोचवा, तारीख, वेळ आणि पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ताडून पाहा, त्याचं लेखी म्हणणं घ्या, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्याचं नाव बाहेर देऊ नका. लॉग गरजेपुरते ठेवा, मग पुसा. चूक खरी निघाली तर शिक्षा करा, मी आड येणार नाही. पण शिक्षा म्हणून अभ्यासाचं कनेक्शन तोडू नका, लॅबमधला प्रवेश तरी राहू द्या. लिनक्स आणि मुक्त सॉफ्टवेअर कॅम्पसच्याच एका जुन्या सर्व्हरवर उतरवून ठेवलं तर निम्मी कायदेशीर टोरेंट बाहेर जाणारच नाहीत. त्याला एक हार्ड डिस्क पुरते.

आणि सूचना पुन्हा लिहा. तिच्याखाली आज एकच सही आहे, नेटवर्क विभागाच्या प्रमुखांची. परवा त्या संस्थेच्या ग्रंथपालांना भेटलो, मुलांनी मागितलेली पण न आलेली पुस्तकं लिहून ठेवायची वही बघायला मागितली. वही त्यांनी लगेच काढून दिली. भरत आली होती. मग सूचनेबद्दल त्यांचं मत विचारलं. त्यांनी ती माझ्याच फोनवर पहिल्यांदा वाचली.